लाल दोऱ्याची सहा पाती

परवा नातवाने मोडक्या खेळण्यातलं एक दातेरी चाक माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "आजी, हे काय आहे?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आधी सांग, हे कुणाचं?" तो फणकाऱ्याने म्हणाला, "माझंच!" आणि चाक हिसकावून पळाला. मी आपली हसत बसले. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न काही तोंडातून जात नाही.

सोलापुरातल्या एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये मी आयुष्यभर कारकून होते. स्टोअर म्हटलं की लोकांना वाटतं, बाई कापड विकत असणार. लग्नकार्यात भेटलेल्या किती तरी जणींनी मला चादरी स्वस्तात मिळतील का म्हणून विचारलं आहे. आमच्या स्टोअरमध्ये ना सूत होतं ना कापड. तिथे होते फक्त यंत्रांचे सुटे भाग. सूतगिरणीत सकाळच्या भोंग्यापासून काही ना काही फिरतच असतं, आणि जे फिरतं ते झिजतं. झिजलं की कुणीतरी तेलकट हाताने माझ्या खिडकीशी येऊन उभं राहायचं.

नियम एकच होता. जुना भाग जमा करा, नवा घेऊन जा. जुना आणला नाही तर प्रत्यक्ष गिरणीमालक आले तरी खिळा मिळायचा नाही. हा नियम चोरी थांबवण्यासाठी होता असं साहेबलोक म्हणत. मला विचाराल तर तो नियम नसता तर अर्धी गिरणी चुकीचे भाग घेऊन गेली असती. कारण येणारा माणूस कधीही नेमकं मागत नाही. "मोटर गेली" म्हणत यायचा आणि गेलेलं असायचं मोटरीचं बेरिंग. दुसरा म्हणायचा, "एक गोळी द्या," आणि बघावं तर अख्खं बेरिंग खिळखिळं झालेलं. कापूस विभागातले नरसय्या दर वेळी पूर्ण रोलरच मागायचे. मी म्हणायचे, "अहो, रोलरच्या टोकाची नुसती पिन तुटलीय." ते म्हणायचे, "व्हय की बाई, पण पिन बदलायला लई येळ लागतो. अख्खाच द्या, लवकर हुतंय."

मी नोकरीला लागले ती दुष्काळानंतरच्या वर्षी. वडील त्याच गिरणीत जॉबर होते, म्हणजे यंत्रांवरच्या कामगारांचे मुकादम. छातीच्या आजाराने ते घरी बसले. घरात थोरली मी, पाठीवर दोन भावंडं. मॅट्रिक झालेली आणि अक्षर बरं असलेली पोर म्हणून मला तात्पुरतं घेतलं. तोवर मी यंत्र म्हणून फक्त शेजारणीचं शिवणयंत्र जवळून पाहिलेलं होतं.

मला सगळं शिकवलं ते दस्तगीरचाचांनी. ते गिरणीचे हेड फिटर. ठेंगणे, पांढरी दाढी, डोक्यावर तेलाने काळी पडलेली टोपी. मराठी बोलायचे सोलापुरी, आणि मध्येच कळ फिरल्यासारखे आपल्या उर्दूवर जायचे. मराठी वाचता येत नव्हतं. पण कुठलाही भाग हातात द्या, अंगठा एकदा फिरवला की त्याची सात पिढ्यांची कुंडली सांगायचे.

त्या वर्षी सरदेसाई साहेब नावाचे नवे इंजिनिअर आले होते. माणूस हुशार, शिस्तीचा, जरा घाईचा. स्टोअरमधला पसारा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला आणि फर्मान काढलं की प्रत्येक भागाचं कार्ड झालं पाहिजे. कार्डावर वर यंत्राचं नाव, त्याखाली त्यातला मोठा भाग, त्याखाली लहान भाग, शेवटी नग किती. चाचांनी सांगायचं, मी लिहायचं. दोन महिने आम्ही दोघं रोज दुपारी खिडकीमागे बसत होतो.

पहिल्याच दिवशी मी नुसतं "बेरिंग" असं लिहिलं. चाचा म्हणाले, "बेटी, हे कायकू लिखी तू? बेरिंग कुणाचं ते सांग. बेवारशी बेरिंग नसतंय."

मला काही उमगेना. तेव्हा आमचा हमाल मल्लप्पा मदतीला धावला. तो कुंभारी गावचा, घरी शेती आणि बैलगाडी. म्हणाला, "बाई, सोपं हाय की. आरा कुणाचा? चाकाचा. चाक कुणाचं? गाडीचं. तसं लिवायचं."

"मग आरा गाडीचाच झाला ना?" मी शहाणपण केलं.

मल्लप्पा डोकं खाजवत बसला. "आसं कोण म्हणत न्हाय. गाडीचा आरा मोडला आसं कवाच ऐकलं न्हाय मी. आरा चाकाच्या घरचा. गाडी त्याची लांबची पावनी."

चाचा खूश झाले. तेव्हापासून आमच्या स्टोअरची भाषाच तशी झाली. स्पिंडल, म्हणजे चरख्याच्या चातीची गिरणीतली मोठी बहीण, ती सूतकताईच्या यंत्राच्या घरची. तिच्या बुडाशी पट्टा फिरतो ती छोटी कप्पी तिची लेक. एकेक कार्ड म्हणजे एकेक घर. मला त्या कामाची गोडी लागली. संध्याकाळी घरी गेल्यावर मी वडिलांना विहिरीच्या रहाटाचीसुद्धा कार्डं तोंडी करून दाखवायची, आणि ते खोकत खोकत हसायचे.

एका बाबतीत मात्र चाचांचं आणि माझं पटलं नाही. ते सारखे म्हणायचे, "नुसता नग लिवून भागत न्हाय. कोण कुणासंगं ऱ्हातंय ते बी लिव." मी म्हणायचे, "चाचा, त्याला रकाना नाही." ते म्हणायचे, "रकाना न्हाय तर काढ की बेटी, पट्टी तुझ्याच हातात हाय." मी हसून पुढचं कार्ड घ्यायची. रकाने साहेबांनी ठरवलेले. तात्पुरती लागलेली पोर मी, रकाना कुठून काढणार?

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. भाग अगदी नाकाशी नेऊन बघायचे आणि मग बघणं सोडून चाचपायचे. फिटरलोकांना माहीत होतं, ऑफिसला कुणी सांगितलं नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं इज्जतीनं निघून जावं, मग डोळे दाखवू, असं ते म्हणायचे.

आता माझी करणी सांगते.

गिरणीत खंडेनवमी मोठी व्हायची. सगळी यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, दोरे बांधायचे. नारळ फोडायला दस्तगीरचाचा सगळ्यांच्या पुढे. त्यांचा नारळ एका फटक्यात फुटायचा याचा त्यांना मोठा अभिमान होता. दसरा झाला की आठवडाभर सुकलेल्या माळा आणि दोरे काढत बसायचं काम आमच्याकडे. त्या वर्षी मी नवी होते, उत्साहाने स्टोअर झाडायला घेतलं. मागच्या रॅकवर मोठ्या पंख्याची बारा जादा पाती होती. सूतगिरणीत हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. तळघरातल्या सहा पात्यांच्या प्रचंड पंख्याने ती ओली हवा आत ढकलली जाते. त्याचीच ही पाती. सहा पात्यांच्या भोकांत लाल दोरा होता, सहांच्या भोकांत पिवळा. सगळे मळलेले. मी समजले, पूजेचे दोरे राहिले. कात्रीने कापले. पूजेचे म्हणून कचऱ्यात टाकवेनात, तेव्हा कॅलेंडरच्या कागदात पुडी बांधली, वर "निर्माल्य" असं लिहिलं आणि तळ्यात सोडू म्हणून रॅकच्या माथ्यावर ठेवली. मग बाराही पाती एकावर एक नीट रचली. कार्डावर लिहिलं, पंख्याचं पातं, नग बारा. साहेबांनी रॅक पाहून "व्वा" म्हटलं. तो व्वा मला पुढे फार महाग पडला.

वैशाखात पंख्याच्या एका पात्याला तडा गेला. दुपारची वेळ, बाहेर डांबर वितळत होतं, आणि आत पंखा बंद पडल्याबरोबर सूत तुटायला लागलं. एक पातं गेलं तरी चाचा सहाही बदलायचे, म्हणून दोन फिटर जुनी सहा पाती घेऊन धावत आले. "पंख्याची पाती, सहा!" मी जुनी जमा करून घेतली आणि ढिगातली वरची सहा दिली. त्यांनी घासलेटात धुऊन ती तळघरात चाचांच्या हातात दिली. चाचांनी बसवली. स्टोअरमधून आलंय म्हणजे संच बरोबरच असणार हा त्यांचा भरवसा.

पंखा सुरू झाला आणि दोन मिनिटांत जमीन हादरायला लागली. माझ्या खिडकीची काच थरथरताना मी पाहिली. बंद करेपर्यंत बेरिंग जळालं होतं आणि पायाचा एक बोल्ट तुटला होता. नवं बेरिंग पुण्याहून यायला सोमवार उजाडणार होता. तोवर खातं बंद.

सरदेसाई साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "दस्तगीर, तुम्हाला दिसत नाही हे मला आज कळलं. नट सारखे कसले नाहीत तुम्ही. सोमवारी पंखा दुसरा फिटर बसवेल. पुढच्या महिन्यापासून तुम्ही घरी बसा. आता सगळी माहिती कार्डांवर आहे, काही अडणार नाही."

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली एवढंच.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते ती सहा पाती घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बाकीची सहा बी काढ. आन् पितळेची मोड मोजायचा तराजू दे." एकेक पातं दोन्ही हातांवर झुलवून बघायचे, मग तराजूत घालायचे. हळूहळू दोन ढीग झाले. मी विचारलं, "हे काय चाचा?"

"दोन घरची हाईत ही. एका ओतीची, म्हंजे एका टायमाला साच्यात ओतलेली सहा, दुसऱ्या ओतीची सहा. दिसायला जुळी, पर वजनाला ही जरा भारी. फिरणाऱ्या चीजेचं आसंच असतंय बेटी. उभी असताना कोण बी कुणासंगं बसतंय. फिरायला लागलं की कळतंय, कोण घरचं आन् कोण परकं." मग म्हणाले, "म्हणून दोरे बांधलेले मी. लाल आन् पिवळे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. चाचा तराजू पुसत म्हणाले, "उंदरांनी खाल्ले आसतील. गिरणीचे उंदीर, त्यांना सुताचीच चव."

ते गेल्यावर मी स्टूल घेऊन रॅकच्या माथ्यावर हात फिरवला. पुडी नव्हती. मल्लप्पाने तळ्यात सोडली असेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते. महिन्याअखेरीला मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि उंदरांवर आळ घालायची वाट चाचांनीच मोकळी करून दिली होती.

रविवारी मला जेवण गेलं नाही. वडिलांनी दोनदा विचारलं, तेव्हा रडत सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "मग सांगून टाक की साहेबाला."

"माझी नोकरी जाईल, अण्णा."

"जाईल. नोकरी दुसरी मिळंल." खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ते थांबले. "दस्तगीरचं नाव बुडतंय. ह्या वयात त्याला दुसरं कुठनं मिळणार?"

सोमवारी भोंगा व्हायच्या आधी मी साहेबांच्या दाराशी उभी होते. सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोरे कुठे आहेत?"

"नाहीत, साहेब."

"म्हणजे म्हाताऱ्याला वाचवायला तू गोष्ट रचली आहेस. त्याने सांगितलं?"

मी तोवर कुठल्याही साहेबापुढे मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. म्हटलं, "साहेब, एका संचातली सहा पाती चाचांनाच बसवू द्या. डोळे तेच, हात तेच. पंखा हादरला तर आम्हा दोघांनाही घरी पाठवा."

साहेब माणूस घाईचा होता, पण न्यायाचा होता. हो म्हणाले.

दुपारी चाचांनी पाती बसवली. मी पहिल्यांदाच तळघरात उतरले होते. ते प्रत्येक नट कसून झाल्यावर पात्यावर बोटाने टिचकी मारून कान लावत. पंखा सुरू झाला. आधी घरघर, मग एकसारखा सूं असा आवाज. मल्लप्पाने कुणालाही न विचारता काठोकाठ भरलेलं पाण्याचं भांडं बेरिंगच्या पेटीवर नेऊन ठेवलं. आम्ही सगळे त्या भांड्याकडे बघत राहिलो. पाण्यावर बारीक वलयं उठत होती, पण एक थेंब बाहेर सांडला नाही. मल्लप्पा म्हणाला, "घ्या साहेब, थंड पानी प्या."

साहेबांनी भांडं उचललं आणि ते चाचांच्या हातात दिलं. दिलगीर आहे वगैरे शब्द त्या काळी साहेबलोकांच्या तोंडी नसत. "तुम्ही आधी," एवढंच म्हणाले. चाचांची नोकरी राहिली. माझं कायम होणं सहा महिने पुढे ढकललं गेलं आणि मला एक कडक पत्र मिळालं. ते वाजवीच होतं. त्याच आठवड्यात मी पट्टी घेऊन पंख्याच्या कार्डावर एक जादा रकाना आखला. वर लिहिलं, "कोणासोबत". साहेबांनी तो पाहिला आणि बाकीच्या कार्डांवरही आखायला सांगितला. हाताने सगळी कार्डं आखायला मला पावसाळा लागला. पण चाचांनी आधीच सांगितलं होतं तेव्हा आखला असता तर, हे मनातून जात नाही.

वर्षभराने चाचा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी प्रत्येक फिटर आपली हत्यारं स्टोअरला जमा करतो. चाचांनी खिडकीत पाने ठेवले, हातोडी ठेवली, मोजपट्टी ठेवली. मी एकेक लिहून घेत होते. गळ्यात हार होता, त्यातल्या झेंडूच्या पाकळ्या माझ्या पुढ्यातल्या कार्डावर पडत होत्या. मग त्यांनी खिशात हात घातला आणि एक लहान पुडी पुढे सरकवली. कॅलेंडरच्या कागदाची. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, निर्माल्य.

मी पुडी उघडली. सहा लाल दोरे, सहा पिवळे. कात्रीने सरळ कापलेले.

"चाचा, हे तुमच्याकडे होते? तेव्हापासून?"

"पंखा हादरला त्याच दिवशी, तू खिडकीशी व्हतीस, तवा मागच्या रॅकवर हात घातला. गावले."

"मग दाखवले का नाहीत? साहेब तुम्हाला घरी बसवत होते!"

"कागदावर काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाय," चाचा म्हणाले. "पर दोन महिने रोज बाजूला बसून बघितलंय. अक्षर कुणाचं ते कळतंय की."

मला पुढचं काही लिहिता येईना. चाचांनी हत्यारांवरून एकदा अंगठा फिरवला. मग पुडी पुन्हा माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "जमा करून घे. नियम म्हंजे नियम." एव्हाना त्यांना खिडकीतलं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. माझा चेहरा त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तरी जाता जाता म्हणाले, "रो नको बेटी, कार्ड भिजंल."